मोटारीच्या पोटातील वायुभारमापक



वसंत ऋतूतील या व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय, राजकारण, तत्त्वज्ञान अशा विषयांना पहिला मान असतो, आणि तो असावाही. त्या थोर पंक्तीत मोटारीच्या एंजिनावर बसवलेला, आगपेटीएवढा एक सुटा भाग आणून बसवण्याचे धाडस आम्ही आज करीत आहोत. आपल्यापैकी काहींना हा विषय गॅरेजात शोभणारा वाटेल. तसा तो आहेच. परंतु गॅरेजात शोभणारा विषय सभागृहात शोभू नये, असा काही नियम नाही. उलट या दोन जागा एकमेकींपासून फार दूर राहिल्या याचीच आम्हांस चिंता वाटते, आणि शेवटी त्याविषयी चार शब्द बोलावे असा आमचा विचार आहे.

या भागाला मोटारकामाच्या भाषेत मॅप सेन्सर म्हणतात. हा मॅप म्हणजे नकाशा नव्हे. मॅनिफोल्ड ॲब्सोल्यूट प्रेशर या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. एंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला निरपेक्ष दाब सांगणारा तो संवेदक. मूळ स्वरूपात तो एक वायुभारमापकच. फक्त वेधशाळेच्या भिंतीवर टांगण्याऐवजी मोटारीच्या पोटात बसवलेला. तो काय मोजतो, कसा मोजतो आणि काय मोजत नाही, हे तीन प्रश्न आज आपणांपुढे ठेवायचे आहेत. त्यांतला तिसरा सर्वांत महत्त्वाचा, असे आमचे मत आहे.

प्रथम एंजिनाकडे वळू. मोटार कशावर चालते असे विचारले, तर शाळेतले पोरही 'पेट्रोलवर' असे सांगेल. हे उत्तर निम्मेच खरे आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतेपणी जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा ही पेट्रोलच्या मानाने इतकी हलकी, की एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते. टाकीत आपण पैसे मोजून भरतो ते पेट्रोल. हवा मात्र फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब आपल्या मनात येत नाही. एंजिनाला मात्र तो ठेवावाच लागतो. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले, तर एंजिन अडखळते आणि तापते. पेट्रोल जास्त झाले, तर ते अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. म्हणजे १४.७ ला १ हे प्रमाण सांभाळणे हा मालकाच्या खिशाचा प्रश्न आहे, तसाच रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांचाही आहे.

आता दुसरी एक समजूत पाहू. मोटार चालवणारा पायाने ॲक्सिलरेटर दाबतो, तेव्हा तो पेट्रोल सोडतो असे बहुतेकांना वाटते. पेट्रोलच्या एंजिनात तसे नसते. त्या पायाने उघडते ते हवेचे दार. त्याला थ्रॉटल म्हणतात. नळीत आडवी फिरणारी एक गोल चकती, एवढेच त्याचे स्वरूप. पाय जितका दाबावा तितके दार उघडते, तितकी हवा आत येते, आणि आलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल द्यायचे काम दुसऱ्या कोणी तरी करायचे असते. पूर्वी ते काम कार्ब्युरेटर करीत असे. आज ते एक छोटा संगणक करतो. पण हवा किती आली हे त्या संगणकाला कळावे कसे? तो काही नळीत डोकावून पाहू शकत नाही. त्याला कोणी तरी सांगावे लागते.

येथे आपल्याला एक जुना वाद आठवावा लागेल. एंजिन हवा 'ओढून घेते' असे आपण म्हणतो. सरबताच्या नळीने आपण सरबत 'ओढतो', हातपंप पाणी 'ओढतो', तसेच हे. ही केवळ बोलण्याची सोय आहे. तोरिचेल्ली या इटालियन पंडिताने १६४४ साली लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन केले, की आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला वजन आहे. पाणी ओढले जात नसून बाहेरची हवा त्याला वर ढकलते. म्हणूनच शोषक पंपाने पाणी सुमारे दहा मीटरांपलीकडे चढत नाही, आणि पाण्याच्या साडेतेरापट जड असलेला पारा ७६ सेंटिमीटरांवर थांबतो. हे खरे असेल, तर डोंगरावर हवेचा थर कमी म्हणून पाराही कमी चढायला हवा, असे पास्कलने ताडले. त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने १६४८ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील प्यूइ द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. पायथ्यापेक्षा शिखरावर पारा सुमारे आठ सेंटिमीटरांनी खाली उतरलेला दिसला. त्या दिवशी हवेचा दाब ही तर्काची गोष्ट न राहता मापाची गोष्ट झाली.

एंजिनातही हेच घडते. निकोलाउस ओटो याने १८७६ साली चालू करून दाखवलेल्या पद्धतीप्रमाणे एंजिनाचे काम चार धावांत होते. पहिल्या धावेत दट्ट्या, म्हणजे गॅरेजातला पिस्टन, खाली जातो आणि सिलिंडरात जागा मोकळी होते. दुसरीत तो वर येऊन मिश्रण दाबतो, तिसरीत ठिणगी पडून स्फोट होतो, आणि चौथीत धूर बाहेर जातो. पहिल्या धावेत जी जागा मोकळी होते, तिच्यात बाहेरचे वातावरण हवा ढकलते. दार, म्हणजे थ्रॉटल, सताड उघडे असेल तर ढकलण्याला आडकाठी नसते आणि नळीतला दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो. दार जवळजवळ मिटलेले असेल, तर दट्ट्या जागा मोकळी करतोच आहे, पण फटीतून हवा पुरेशी येत नाही; मग दाराच्या आतल्या नळीत हवा विरळ होते. त्या नळीला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात.

आकडेच घ्यायचे तर समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. मोटार उभी आहे, एंजिन मंद गतीने चालू आहे, अशा वेळी मॅनिफोल्डमधला दाब सामान्यतः ३० ते ४० किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. घाट उतरताना पाय काढून घेतला, दार मिटले आणि चाके एंजिनाला फिरवू लागली, की तो आणखी खाली जातो. चढावर पाय पूर्ण दाबला, की तो बाहेरच्या दाबाला जाऊन भिडतो. सारांश, या नळीतला दाब पाहिला की एंजिन विसावले आहे की राबते आहे, हे ताबडतोब कळते. एंजिनाच्या श्वासाची ही नाडी आहे.

ही नाडी पाहण्याची कल्पना नवी नाही. जुन्या मोटारींच्या डिस्ट्रिब्यूटरला एक रबरी नळी आणि पडद्याची डबी जोडलेली असे. मॅनिफोल्डमधली हवा विरळ झाली की तो पडदा ताणला जाई आणि ठिणगी थोडी लवकर पडे. कारण विरळ मिश्रण सावकाश जळते, त्याला आधी पेटवावे लागते. संगणकाचा शब्दही ज्यांनी ऐकला नव्हता, अशा मिस्त्रींनी ही नळी हजारदा काढून घातली आहे. आजच्या मॅप सेन्सरचा हा आजोबाच म्हणावयाचा.

त्या आजोबापासून नातवापर्यंतची पायरी जर्मनीत चढली गेली. अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास विजेच्या आज्ञेने पेट्रोल फवारण्याची एक योजना पुढे आणली होती. पण त्या वेळच्या विद्युत्-भागांना एंजिनाजवळचा उष्मा आणि हादरे सोसेनात, आणि ती टिकली नाही. पुढे अमेरिकेने १९६८ च्या नमुन्याच्या मोटारींपासून देशभर धुरावर बंधने घातली. तेथे माल विकायचा तर धूर आवरणे भाग होते. बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या मोटारीवर डी-जेट्रॉनिक नावाची पद्धत बसवली. त्यातला 'डी' हा 'द्रुक' या जर्मन शब्दाचा. द्रुक म्हणजे दाब. त्या यंत्रणेत विद्येचा एक सुंदर संगम होता. व्हिदी या फ्रेंच गृहस्थाने १८४४ साली पाऱ्यावाचूनचा वायुभारमापक केला होता: आतली हवा काढून बंद केलेली पातळ धातूची डबी, जी बाहेरचा दाब कमीजास्त होईल तशी फुगते वा दबते. बॉशच्या संवेदकात तशाच डब्या होत्या. त्या हलल्या की तारेच्या वेटोळ्यात लोखंडाचा गाभा सरके, वेटोळ्याचा विद्युत्-गुण बदले, आणि त्यावरून पेट्रोलची तोटी किती वेळ उघडी ठेवायची ते ठरे.

आजचा संवेदक त्याहून पुष्कळ साधा दिसतो आणि आत त्याहून सूक्ष्म आहे. त्याच्या पोटात सिलिकॉनचा, म्हणजे वाळूपासून काढलेल्या मूलद्रव्याचा, एक तुकडा असतो. रसायनांनी तो मधोमध कोरून तेथे एक अत्यंत पातळ पडदा ठेवतात. हा पडदा केसाहूनही पातळ असतो. पडद्याच्या एका बाजूला कायमची बंद केलेली निर्वात पोकळी, आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली हवा. हवेचा दाब वाढला की पडदा पोकळीच्या बाजूला वाकतो, कमी झाला की सरळ होऊ लागतो. हे वाकणे इतके अल्प असते, की डोळ्यांना ते कधीच दिसणार नाही.

मग ते कळते कसे? सिलिकॉन ताणले किंवा दाबले, की त्याचा विजेला होणारा रोध बदलतो. धातूच्या तारेतही असा बदल होतो, हे केल्व्हिनने १८५६ सालीच पाहिले होते. पण सिलिकॉन आणि जर्मेनियम यांत तो धातूंपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली दाखवून दिले. तेव्हा पडद्यावर चार ठिकाणी चार रोध घडवतात. पडदा वाकला की त्यांतील दोन वाढतात आणि दोन घटतात. या चौघांची जोडणी कशी करतात, हे ऐकून येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना गंमत वाटेल. महाविद्यालयात भौतिकीच्या प्रात्यक्षिकाला मीटरभर तारेवर सरकपट्टी घासत ज्याचा संतुलनबिंदू आपण शोधता, तोच हा व्हीटस्टनचा सेतू! ख्रिस्ती याने तो १८३३ साली योजला आणि व्हीटस्टनने १८४३ साली लोकप्रिय केला. परीक्षेनंतर ज्याची आठवणही कोणी ठेवीत नाही, तो सेतू आज रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत, पडदा जितका वाकेल तितका असमतोल होऊन, क्षणोक्षणी उत्तर देत असतो.

सेतूतून निघणारे उत्तर काही हजारांश व्होल्टचे असते. त्याच तुकड्यावरचे किंवा शेजारचे विद्युत्-मंडल ते वाढवते आणि उष्णतेमुळे आलेला फरक काढून टाकते. कारण सिलिकॉन दाबाइतकेच तापमानालाही हळवे आहे. संवेदकाला साधारणपणे तीन तारा असतात: एकीतून पाच व्होल्ट येतात, दुसरी जमिनीची, आणि तिसरी उत्तराची. चौथी तार दिसली, तर हवेचे तापमान सांगणाराही त्याच डबीत बसवला आहे असे समजावे. समजा, एखाद्या जातीत २० किलोपास्कलला अर्धा व्होल्ट आणि १०० किलोपास्कलला साडेचार व्होल्ट असा करार आहे. म्हणजे किलोपास्कलमागे एक व्होल्टाचा विसावा भाग. तारेवर सव्वा व्होल्ट दिसला, तर दाब ३५. सव्वाचार दिसले, तर ९५. संवेदकाचे काम येथे संपते. पुढचे गणित संगणकाचे.

ते गणित आपण एकदा हाताने करून पाहू. बाराशे घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर तीनशेचा. हवेचे तापमान ४० अंश, दाब ३५ किलोपास्कल. शाळेत शिकलेल्या बॉइल आणि चार्ल्स यांच्या नियमांवरून अशा हवेची घनता दर घनमीटरला सुमारे ०.३९ किलोग्रॅम येते. तीनशे घनसेंटिमीटरांत ती सुमारे ११७ मिलिग्रॅम मावते. परंतु सिलिंडर पुरता कधी भरत नाही. झडपा थोडाच वेळ उघडतात, जुना धूर थोडा मागे राहतो. समजा शेकडा ८० भरला, तर हवा ९४ मिलिग्रॅम. तिला १४.७ ने भागले, की पेट्रोल ६.४ मिलिग्रॅम. दार सताड उघडून दाब ९५ झाला, तर त्याच हिशेबाने हवा २५४ आणि पेट्रोल सुमारे १७.३ मिलिग्रॅम. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीतही अशा चार सिलिंडरांसाठी मिळून सेकंदाला सुमारे २७ वेळा हा हिशेब नव्याने लागतो. इतक्या चोख हिशेबनिसाला आपल्यापैकी कोणीही दुकानात ठेवून घेईल.

आता 'निरपेक्ष' या शब्दाचे मर्म सांगतो. जुन्या मिस्त्रीच्या हातातले व्हॅक्यूमचे घड्याळ बाहेरच्या दाबापेक्षा आतला दाब किती कमी, एवढेच सांगते. तो सापेक्ष दाब. समजा, मुंबईत ते घड्याळ ६० किलोपास्कल कमी असे दाखवते. बाहेर १०१, म्हणून आत ४१ उरले. तीच मोटार महाबळेश्वरी गेली. तेथील उंची साडेतेराशे मीटरांच्या आसपास आणि हवेचा दाब सुमारे ८६. घड्याळ तेच ६० दाखवील, तर आत उरतात फक्त २६. घड्याळाचा काटा एकाच जागी, पण सिलिंडरातली हवा ४१ वरून २६ वर आलेली! काट्यावर विसंबून पेट्रोल दिले, तर ते दीडपटीहून अधिक होईल. सिलिकॉनच्या पडद्यामागे आपली स्वतःची निर्वात पोकळी असते. तो बाहेरच्या हवेशी तुलना करीत नाही, शून्याशी करतो. म्हणून डोंगर चढला तरी त्याचे सांगणे बदलत नाही. कार्ब्युरेटरला ही युक्ती साधत नव्हती. उंचावर गेला की तो पेट्रोल अधिक पाजीत असे.

यातून आणखी एक सोय होते. किल्ली फिरवली, पण एंजिन अजून चालू केलेले नाही, त्या क्षणी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. त्या वेळचे वाचन म्हणजे त्या गावचा वायुभार. संगणक तो टिपून ठेवतो. मुंबईत तो १०१ च्या आसपास दिसेल, पुण्यात सुमारे ९५, लेहला ६६ च्या जवळपास. पास्कलच्या मेहुण्याने डोंगरावर केला तोच प्रयोग आपली मोटार रोज सकाळी दाराशी करते, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

येथपर्यंत आम्ही संवेदक काय मोजतो ते सांगितले. आता, तो काय मोजत नाही? तो हवा मोजत नाही. तो मोजतो दाब. हवेचे वजन हे संगणकाने काढलेले अनुमान आहे.

आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला भेद फार बारकाईने मांडला आहे. पर्वतावर धूर दिसतो, हे प्रत्यक्ष. तेथे अग्नी आहे, हे अनुमान. हे अनुमान टिकते कशावर? जेथे धूर तेथे अग्नी, या व्याप्तीवर. व्याप्तीत फट पडली, तर डोळ्यांना दिसलेला धूर खरा असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. आमच्या एंजिनाच्या संगणकाजवळही अशी एक व्याप्ती लिहून ठेवलेली असते. अमुक गतीला, अमुक दाबाला सिलिंडर शेकडा इतका भरतो, असे तिचे कोष्टक असते. ते कारखान्यात नव्या, निरोगी एंजिनावर मोजमाप करून भरलेले असते. एंजिन जोवर निरोगी आहे, तोवर दाबावरून हवेचे अनुमान बरोबर येते. झडप जळली, पट्टा एक दाता सरकला, धुराच्या नळीत बोळा बसला, की एंजिन पूर्वीसारखे भरत नाही. पण कोष्टक मात्र जुनेच राहते. संवेदक तेव्हाही खरेच बोलत असतो. चुकते ते अनुमान.

कोणी विचारील, की मग हवेचे वजनच थेट का मोजीत नाहीत? मोजतात. तापलेली तार वाहत्या हवेने किती निवते, त्यावरून वजन काढणारे संवेदक पुष्कळ मोटारींत आहेत. पण ते महाग, धुळीला नाजूक, आणि त्यांच्या पुढच्या नळीला चीर पडली तर न मोजलेली हवा आत शिरते. दाबाची पद्धत स्वस्त आणि काटक. तिची उणीव भरून काढायला धुराच्या नळीत प्राणवायू पाहणारा दुसरा संवेदक असतो. तो १९७६ साली प्रथम मोटारीत आला. मॅप सेन्सरवरून आधी अंदाज करायचा, प्राणवायूच्या संवेदकावरून मागाहून तपासायचे, आणि पुढचा अंदाज सुधारायचा, असा हा क्रम. धूर शुद्ध करणारी रासायनिक भट्टी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच आपले काम नीट करते. म्हणून इतका खटाटोप.

आता यात आपले काय अडले आहे, ते सांगतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकली-स्कूटरींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फवारा आणि संगणक आले, आणि त्यांच्यासोबत हा वायुभारमापकही आला. एका सिलिंडरच्या गाडीत तर तो दुहेरी राबतो: मॅनिफोल्डमधला दाब प्रत्येक श्वासाला खाली-वर होतो, आणि त्यावरून आत्ता कोणती धाव चालू आहे हेही कित्येक गाड्यांचा संगणक ओळखतो. पूर्वी मध्यम वर्गाच्या मोटारीपुरता असलेला हा प्रश्न आता दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या, घरोघर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मुलाच्या दुचाकीचा झाला आहे. गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या मुलाची एक दिवसाची कमाई बुडते.

अशी गाडी नाक्यावरच्या गॅरेजात येते. डॅशबोर्डावर एंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. मिस्त्री तपासणीचे यंत्र जोडतो, ते पी-०१०६ किंवा पी-०१०८ असा काही अंक दाखवते, आणि त्याखाली मॅप सेन्सरचे नाव येते. झाले! सेन्सर गेला असा निकाल लागतो, नवा सेन्सर येतो, पैसे जातात, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. असे पुष्कळदा घडते. पर्वतावर धूर दिसला, पण व्याप्ती तपासली नाही. पी-०१०८ चा अर्थ उत्तराच्या तारेवर व्होल्ट अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, एवढाच. पी-०१०६ चा अर्थ दाबाचे वाचन बाकीच्या परिस्थितीशी जुळत नाही, एवढाच. ते का जुळत नाही, हे तो अंक सांगत नाही.

शोधून काढण्याचा मार्ग मात्र अवघड नाही, आणि त्याला महागडी हत्यारे लागत नाहीत. एंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवा आणि वाचन पाहा. ते त्या गावच्या वायुभाराइतके आले पाहिजे. न आले, तर संवेदक, त्याची तार किंवा त्याचे पाच व्होल्ट यांच्यात खोट आहे. आले, तर एंजिन गरम करून मंद गतीने चालू द्या. वाचन त्या गाडीच्या निरोगी आकड्यापर्यंत, मोटारीत सामान्यतः ३० ते ४० पर्यंत, खाली आले पाहिजे. न आले, तर आधी संवेदकाची नळी पाहा. ती चिरली असेल, तर संवेदकाला बाहेरची हवा लागते, संगणकाला वाटते दार सताड उघडे आहे, आणि तो पेट्रोल ओतू लागतो. काळा धूर येतो. नळी धड असेल, आणि हातपंपाने दाब उतरवल्यावर वाचनही उतरत असेल, तर संवेदक निर्दोष आहे. मॅनिफोल्डचे पॅकिंग गळते काय, झडपा धरतात काय, पट्टा जागेवर आहे काय, हे पाहावयास हवे. दूताने वाईट वार्ता आणली म्हणून दूताला शिक्षा करण्यात काय अर्थ?

ही तपासणी करायला जे ज्ञान लागते, ते आम्ही आत्ताच पाहिले: तोरिचेल्लीची नळी, बॉइलचा नियम, व्हीटस्टनचा सेतू. हे सारे आमच्या शाळा-महाविद्यालयांत शिकवले जाते आणि परीक्षेच्या कागदावर उतरवले जाते. दुसरीकडे, ज्याच्या कानाला एंजिनाच्या आवाजावरून जळालेली झडप ओळखू येते, अशा मिस्त्रीला सांगितले जाते, की आता जमाना सेन्सरचा, तुझे दिवस संपले. आम्हांला हे मान्य नाही. त्याच्या कानाला जे कळते तेच कोष्टकाला कळत नसते. संगणक निरोगी एंजिन गृहीत धरतो; एंजिन निरोगी आहे की नाही, हे पाहणारा माणूस हवाच. फक्त त्या माणसाला 'दाब', 'निरपेक्ष' आणि 'अनुमान' हे तीन शब्द त्याच्या भाषेत, त्याच्या ओट्यावर, हातात मीटर देऊन कोणी समजावले पाहिजेत. आणि सेतूचे गणित करणाऱ्या विद्यार्थ्याला एकदा तरी त्या ओट्यावर नेऊन उभे केले पाहिजे. एकाजवळ व्याप्ती आहे, दुसऱ्याजवळ प्रत्यक्ष आहे. दोघांची गाठ पडत नाही, आणि त्याचा दंड तो डबे पोचवणारा मुलगा भरतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत. त्यांना श्वास नाही, म्हणून हा श्वास मोजणाराही लागणार नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण पेट्रोलच्या गाड्या अजून बरीच वर्षे आपल्या रस्त्यांवर राहतील, आणि हाच सिलिकॉनचा पडदा इतरत्रही पोचला आहे. रक्तदाब पाहण्याच्या यंत्रात तो आहे, चाकातल्या हवेवर तो नजर ठेवतो, कित्येकांच्या खिशातल्या टेलिफोनातही तो उंची सांगत बसला आहे. यंत्रे बदलतील. जे दिसले ते काय, आणि त्यावरून आपण मानले ते काय, हे वेगळे ठेवण्याची सवय मात्र प्रत्येक यंत्राजवळ उपयोगी पडेल.

 उद्या सकाळी गाडीची किल्ली फिरवाल, तेव्हा एंजिन चालू करण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या क्षणात आपल्या गावावरच्या हवेचे वजन कोणी तरी मोजून घेत असते.